तिथला कागद मी सोडला नव्हता

आधीच सांगते, म्हणजे नंतर वाद नको. मी सव्वीस वर्षं अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवली आहे. लिंबू-मिरची ओलांडून जाते, मांजर आडवं गेलं तर मांजराला वाट देते, आणि या सदरातले तुमचे अनुभव वाचताना माझी चांगली करमणूक होते… राग मानू नका, पण होते. आमच्या ह्यांना मोठ्याने वाचून दाखवते आणि चहा पिता पिता दोघं हसतो. त्यामुळे आज मीच लिहायला बसलेय म्हटल्यावर ह्यांनी चष्म्यावरून असं काही पाहिलं की विचारू नका.

तर असो. नोकरी सोडल्यापासून मी वॉटरकलर करते. निसर्गचित्रं. शनिवारी घरी क्लास घेते आणि रविवारी बोर्ड, घडीचं स्टूल, पाण्याच्या दोन बाटल्या गाडीत टाकून मुळशीकडे सुटते. चांदणी चौक, मग पिरंगुटचं ट्रॅफिक (माझ्यासारखीला देव आठवतो तो तेवढ्या तीन किलोमीटरांत), मग पौड, मग धरण. धरणाच्या पुढे ताम्हिणीच्या रस्त्याला डाव्या हाताला एक वस्ती आहे, तिथली ही गोष्ट. नाव देत नाही. माणसं साधी आहेत, उद्या कोणी कॅमेरे घेऊन दारात उभं राहिलं तर ज्योती (ती पुढे येईलच) माझं तोंड बघणार नाही.

चित्रकलेतलं एक सांगायलाच हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. वॉटरकलरमध्ये पांढरा रंग नसतो. म्हणजे नळी मिळते बाजारात, पण आमच्यात ती वापरणं म्हणजे जरा कमीपणाच. पांढरं हवं असेल तिथे कागद कोरा सोडायचा. ढग, बगळा, वाळत घातलेलं धोतर… काय सोडायचं ते पहिला ब्रश टेकवायच्या आधी ठरवावं लागतं. एकदा रंग गेला की गेला. आणि मूड म्हणाल, तर तो बराचसा तुम्ही कोणते रंग घेतले नाहीत यावर असतो. नवी मुलं मुळशीला नेली की हिरव्याची नळीच्या नळी पिळतात आणि डोंगराला प्लास्टिकच्या बादलीचा रंग आणतात. मी तीनच रंग नेते. एक निळा, एक विटकरी, एक मातकट पिवळा. हिरवा त्यातूनच काढायचा, सावली त्यातूनच, आणि उदास वाटायला लावणारी दुपारही त्यातूनच.

ज्योती माझी कॉलेजातली विद्यार्थिनी. आता उरवड्याच्या एका कारखान्यात लॅबमध्ये आहे, पिरंगुटला राहते. चाळिशी आली तरी मला घाबरते आणि शनिवारी क्लासला येते. एकदा सगळे गेल्यावर ती नळाखाली ब्रश धूतच बसली. धुऊन झालेला ब्रश परत धूत होती.

"काय गं, काय झालं?"

"मॅडम, आमच्या आबांसाठी एक चित्र काढाल? घरासमोरच्या खाचराचं?"

"काढीन की. फोटो आण."

"फोटो नको. आबांना दिसत नाही."

मला वाटलं ही माझी चेष्टा करतेय. मग तिने सांगितलं. काचबिंदूने आठ वर्षांपूर्वी आबांची नजर गेली. आई होती तोवर त्यांचं बरं चाललं होतं. तीन वर्षांपूर्वी आई गेली. आबा म्हणायचे, डोळे गेले तरी मला सगळं आतून दिसतं. पण आता ते आतलंही जायला लागलं होतं.

"उन्हाळ्यात म्हणाले, ज्योते, निळा आठवंना. मग दिवाळीआधी हिरवा गेला. मॅडम, आपण असं कसं विसरू रंग?" तिने ब्रश खाली ठेवला. "आणि काल म्हणाले, तुझ्या आयचं तोंड आठवंना झालंय. आवाज येतो, तोंड येत न्हाई. आणि भिंतीकडे तोंड करून बसले ते बसलेच."

मी नळ बंद केला. ती पुढे म्हणाली, "तुम्ही क्लासमध्ये बोलत बोलत चित्र काढता ना, आता हा रंग घेतला, आता यात एवढं पाणी… तसं त्यांच्यासमोर काढा. ऐकून थोडं परत येईल."

मी तिला म्हटलं की असले चमत्कार मला येत नाहीत, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी तिला गाडीत घालून निघाले. सगळ्या वाटेत तिच्या चित्रांतल्या हिरव्या रंगावरून तिला बोलत राहिले.

दोन खोल्यांचं घर, पुढे पत्र्याची पडवी. आतल्या भिंतीवर बुद्धांची तसबीर. पडवीसमोर इंद्रायणी तांदळाचं खाचर, भात पिकून पिवळंधमक झालेलं. खाचराच्या पलीकडे आडवा बांध, बांधामागे धरणाचं पाणी आणि पाण्यापलीकडे डोंगर. सकाळचे साडेनऊ झाले असतील. ऊन चांगलं तापलं होतं.

आबा पडवीत खुर्चीवर बसले होते. पंच्याहत्तरीचे, काटकुळे, नुकतीच अंघोळ करून केसांना खोबरेल चोपडलेलं.

"जयभीम, बाई."

"जयभीम, आबा."

"मी बी रंगारीच हाय बरं का," ते म्हणाले. "घोटावड्याला कंपनीत स्प्रे मारायचो मशीनींवर. एकवीस वर्सं. रंग नको तितं आमी टेप मारायचो. तुमी काय मारता?"

"काही नाही. हात आवरायचा."

ते हसले. "मंग तुमचं काम आमच्यापरीस अवघड."

मला माणूस एकदम आवडला. इथेच मी चूक केली. ते म्हणाले, "कागुद बगू का जरा?" आणि मी बोर्ड त्यांच्या मांडीवर दिला. त्यांनी डोक्यावरून फिरवलेले दोन्ही हात कागदावर टेकवले आणि सावकाश, इंच न् इंच चाचपला. आमच्यात कागदाला बोट लावणं म्हणजे महापाप. कातडीचं तेल कागदाला लागतं आणि तिथे रंग बसत नाही. क्लासमध्ये कोणी असं केलं तर मी त्याला उभं सोलते. आणि इथे तर खोबरेल! ज्योती माझ्याकडे घाबरून बघत होती. पण त्या चेहऱ्यावर इतकं काही चाललं होतं की मला 'नको' म्हणवेना. दुसरा कागद आणलेला नव्हता. म्हटलं जाऊ दे, डाग पडतील तिथे झुडपं काढू.

मग सुरू केलं. ज्योती क्लाससाठी म्हणून मोबाइलवर व्हिडिओ घेत होती. मी बोलत होते. "आबा, आता आभाळ. निळा अगदी थोडा, पाणी भरपूर, खाली येताना पातळ करतेय… आता डोंगर. निळ्यात विटकरी सोडला की करडा होतो. लांबचा डोंगर म्हणून थंड रंग… आता पाणी, आभाळाचाच रंग पण जरा मळका." आबा मान हलवत होते. मधेच विचारायचे, "पान्याच्या कडंला काळपट हाय का अजून?" आणि खरंच असायचं.

खाचराच्या वेळी मी गप्प झाले. मोठा ब्रश भरून पिवळा घ्यायचा, बोर्ड तिरका धरायचा आणि बांधासकट सगळं एका दमात डावीकडून उजवीकडे ओढायचं. तिथे बोललं की हात चुकतो. अर्धं झालं असेल, आणि आबा म्हणाले,

"थांबा बाई."

ब्रश बांधावर होता, बरोबर मध्यावर.

"तितं नका लावू. तितं कुनीतरी हाय."

मी मान वर करून पाहिलं. बांध मोकळा होता. माणूस सोडा, कुत्रंसुद्धा नव्हतं.

माझा स्वभाव एव्हाना तुमच्या लक्षात आला असेल. मला कोणी थांब म्हटलं की माझा हात आपोआप पुढे जातो. आणि खरं सांगायचं तर ओला रंग मधेच थांबवता येत नाही, रेघ उमटते. मी ब्रश पुढे ओढला. त्या जागेवरून ओढला. पिवळा तिथे बसला, सारखा बसला, मी या डोळ्यांनी पाहिला. शेवटच्या टोकापर्यंत नेऊन मी ब्रश उचलला.

आबा रागावले नाहीत. "बरं," म्हणाले आणि मान खाली घातली. मला एकदम कसंतरीच झालं. म्हाताऱ्या माणसाचं एवढंसं ऐकलं असतं तर माझं काय जात होतं?

ज्योतीने मोबाइल बंद करून चहा आणला. बोर्ड वाळायला स्टुलावर उन्हात ठेवला, आमच्यापासून दोन हातांवर. मी त्याच्याकडे बघता बघता ब्रश धुवायला म्हणून चहाच्या कपात बुडवला. हे आमच्या धंद्यातलं नेहमीचं, पण मी एवढी ओरडले की आबा खुदकन हसले. "अवो बाई, च्या बी रंगारी माणसाचाच पायजे!" तिघंही हसलो. दहा मिनिटं गेली असतील. कोणी उठलं नाही. वारा नव्हता. बोर्डाजवळ कोणी गेलं नाही.

मग मी बोर्ड उचलला.

बांधाच्या मध्यावर पांढरं होतं. कोरा कागद. नखाएवढाच तुकडा, पण कडा कशा, ब्लेडने कापाव्यात तशा. आणि तो डाग नव्हता. घोट्यापर्यंत साडी नेसलेली बाई होती ती. एक हात सरळ खाली, आणि दुसरा कोपरात वाकवून कपाळावर धरलेला, उन्हात लांबचं बघताना आपण धरतो तसा.

मी बोर्ड ज्योतीकडे वळवला. तिने तोंडावर हात ठेवला. दोघींपैकी कोणीही एक शब्द बोललं नाही, हे मी शपथेवर सांगते.

"वाळलं व्हय?" आबांनी विचारलं.

"हो."

"कपाळावर हात हाय न्हवं तिचा?"

मी बोर्ड त्यांच्यापुढे धरला. आबांनी बोट पुढे केलं. आंधळा माणूस चाचपडतो, कडेपासून सुरुवात करतो. हे चाचपडले नाहीत. बोट सरळ गेलं आणि त्या पांढऱ्यावर टेकलं.

"हौसा," ते म्हणाले.

हौसाबाई म्हणजे ज्योतीची आई.

आता तुम्ही म्हणाल तेच मीही म्हटलं. तेल! हात लावलेल्या जागी रंग बसला नाही, झालं. मीही चार दिवस तेच धरून बसले होते. पण तेल असेल तर रंग लावतानाच फाटतो, थेंब थेंब होऊन बाजूला पळतो. आधी नीट बसून नंतर उडत नाही. मी त्याच गठ्ठ्यातल्या कागदावर करून पाहिलं. खोबरेल, शेंगदाण्याचं, नुसता घामाचा हात, सगळं. ओरखडे आले, ठिपके आले, बाई काही आली नाही. ह्यांनीसुद्धा उत्साहाने हात माखून दिले. आणि ज्योतीचा व्हिडिओ आहे. त्यात आबांचं 'थांबा बाई' ऐकू येतं, माझा ब्रश पुढे जाताना दिसतो, आणि तो गेल्यावर बांध या टोकापासून त्या टोकापर्यंत पिवळा दिसतो. मी तो इतक्या वेळा थांबवून पाहिलाय की डोळे दुखले. बोर्ड उचलल्या उचलल्या मी माझ्या मोबाइलवर फोटोही काढला होता, तोही आहे. त्यात ती पांढरी आकृती आहे, कपाळावर हात धरलेली.

कोणाला दाखवू? एका चित्रकार मित्राला दाखवलं तर तो म्हणाला, नंतर खरवडलं असशील. मी त्याच्याशी आता बोलत नाही.

आबांना दिसायला लागलं वगैरे काही झालेलं नाही. डॉक्टरांनी केव्हाच हात टेकलेत. पण परवा त्यांचा फोन आला होता. म्हणाले, "बाई, हिरवा आला. तुमच्या नळीतला न्हवं, खरा." आणि ज्योती सांगते, आता रोज सकाळी आईविषयी काही ना काही सांगतात. नाकावरचा तीळ, पुढचा अर्धा पडलेला दात. याचं कारण मला ठाऊक नाही. लिहिता लिहिता काही सुचेल असं वाटलं होतं, तेही नाही. रसायनशास्त्र संपलं माझं.

पण त्या दिवशीचं अजून राहिलंय, आणि मला झोपेतून उठवतं ते तेच.

हौसा, असं म्हणून आबांनी बोट उचललं नव्हतं. मग आपणच बोलायला लागले.

"त्या दिशी पुनव हुती. वर्षावासाची शेवटली, अश्विनातली. भात असंच पिकल्यालं. विहारात वंदनेला जायचं म्हनून ही पांढरं लुगडं नेसून तयार, आन मी आपला अजून खाचरात. डोळं तवा लई गेल्यालं. नळीतनं बगितल्यावानी येवढुसं दिसायचं. घरात कुनाला सांगितलं न्हवतं. ही बांधावर आली, कपाळाला हात लावला आन हाका मारायला लागली. बाई, त्या नळीत ती बरुबर बसली. अख्खी. मंग म्या ओ दिलीच न्हाई."

"का?" ज्योतीने विचारलं. तिचा आवाज मला एकदम वेगळा वाटला, कडक.

"ओ दिली आसती तर ती हलली आसती," आबा म्हणाले. "मला ठावं हुतं, पुन्यांदा अशी दिसायची न्हाई. म्हनून बगत ऱ्हायलो. त्यानंतर पंधरा दिसात समदं बंदच झालं."

ज्योती रडायलाच लागली. लहान पोरीसारखी, आवाज करून. "आबा, आई मरेपर्यंत तेच बोलत होती! वीस हाका मारल्या, म्हणायची. तुझ्या बापाने माझ्याकडे तोंड करून बघितलं आणि ओ दिली न्हाई. सगळी वस्ती बघत होती. माझं असं काय चुकलं होतं, म्हणायची. मीसुद्धा तुमच्यावर तोच राग धरून बसले इतकी वर्षं!"

आबांचा चेहरा… नको, तो मी सांगत नाही.

"मला कदी बोलली न्हाई," ते म्हणाले.

"तुम्ही तरी कुठं बोललात?"

मी उगीच ब्रश पुसत बसले. थोड्या वेळाने आबा उठले. म्हणाले, "मी हुतो तितं ने मला. आन तिला बी घे संगं."

तिला म्हणजे चित्राला. बोर्ड ज्योतीने घेतला, आबांचा हात मी धरला आणि खाचराच्या कडेकडेने आम्ही निघालो. भाताचा वास घमघमत होता. एका जागी ते स्वतःच थांबले. पायाने जमीन चाचपली, अंग जरासं वळवलं, बांधाच्या बरोबर मध्याकडे तोंड केलं. आणि दोन्ही हात तोंडाशी नेऊन, त्या काटकुळ्या छातीतून कुठून एवढा आवाज आला कोण जाणे,

"ओऽऽ! आलो गं, हौसा! आलो!"

पलीकडे डोंगरावर आवाज आपटला, मग सगळं शांत. मी रडत होते, लपवत नाही.

आबा तसेच उभे राहिले, कान देऊन. मग हळूच म्हणाले, "ज्योते, अजून रागावल्याली आसंल का गं ती?"

"नाही आबा," ज्योती म्हणाली. "हात खाली घेतलाय तिने."

मला वाटलं, पोरगी बापाचं मन राखतेय. बरं केलंस बाई, असं मनात म्हणतच मी तिच्या हातातल्या बोर्डाकडे वाकून पाहिलं.

दोन्ही हात खाली होते.